रघुनाथ धोंडो कर्वे: ‘समाजस्वास्थ्य’ आणि समलैंगिकांची बाजू

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अश्लीलतेच्या खटल्यांची जी नोंद आढळते, ती बहुधा ललित कृतींपुरती मर्यादित असते. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वरील खटला आपल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरला, हेही अनेकांच्या वाचनात आलेले असते. मात्र त्यापूर्वी कित्येक वर्षे, १९३४ मध्ये, मुंबईच्या न्यायालयात एका मराठी मासिकाच्या संपादकावर जो खटला चालला, त्याला वाङ्मयेतिहासात क्वचितच जागा मिळाली आहे. या खटल्याच्या मुळाशी कविता नव्हती, कथा नव्हती. वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि संपादकाने त्यांना दिलेली उत्तरे होती. प्रश्नांपैकी काही समलिंगी संबंधांविषयी होते. संपादक होते रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांचे वकील होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

प्रस्तुत लेखात कर्व्यांच्या चरित्राकडे या एका बाजूने पाहावयाचे आहे. संततिनियमनाचे आद्य प्रचारक म्हणून त्यांचे स्थान आता निश्चित झाले आहे. य. दि. फडके यांच्यासारख्या साक्षेपी चरित्रकाराने त्यांचे जीवन मांडले, अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’ (२००१) या चित्रपटाने ते नव्या पिढीपर्यंत पोहोचवले. परंतु समाजाने ज्यांच्यासाठी मराठीत शिवीखेरीज शब्दच ठेवला नव्हता, अशा माणसांशी कर्वे कसे वागले, या प्रश्नाचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. ते स्वतः त्या समूहातले नव्हते आणि त्या समूहाची त्या काळी इकडे चळवळही नव्हती. मग त्यांच्या भूमिकेला ‘समर्थन’ म्हणता येईल काय, आणि म्हटले तर कोणत्या अर्थाने?

कर्व्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरुड येथे झाला. वडील धोंडो केशव तथा अण्णा कर्वे, आई राधाबाई. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, राधाबाईंचे बाळंतपणात निधन झाले. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, अण्णांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. विधवेशी विवाह केल्याबद्दल मुरुडकरांनी अण्णांना वाळीत टाकले. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाने एकाच घरात दोन गोष्टी पाहिल्या: बाळंतपणात जाणारी आई, आणि कोणाचेही नुकसान न करणाऱ्या कृतीसाठी वडिलांना शिक्षा करणारा गाव. चरित्रातील एका घटनेवरून पुढील सर्व विचारांचा उगम दाखवण्याचा मोह टाळावा हे खरे. तरीही पुढे कर्व्यांच्या लेखनातून जो प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, म्हणजे यात नुकसान कोणाचे झाले हा प्रश्न, तो या मुलाला फार लवकर भेटला असला पाहिजे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

शालेय शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये बी.ए. झाले. विषय गणित. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी गणिताचे उच्च शिक्षण घेतले, आणि फ्रेंच भाषेबरोबरच लैंगिक विषयांवर संकोच न बाळगता लिहिणाऱ्या युरोपीय ग्रंथकारांचा परिचयही त्यांना झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. १९२३ मध्ये ‘संततिनियमन: आचार आणि विचार’ व ‘गुप्तरोगांपासून बचाव’ ही पुस्तके प्रसिद्ध झाली. मिशनरी चालकांना आपल्या प्राध्यापकाचा हा उद्योग मानवणे शक्य नव्हते. नोकरी की प्रचार, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा कर्व्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई या निर्णयात आणि त्यानंतरच्या ओढगस्तीत त्यांच्या बरोबर होत्या. मूल होऊ द्यायचे नाही, हाही या दांपत्याचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. व्यक्तीच्या व समाजाच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्याची, विशेषतः कामशास्त्राची, चर्चा करणे हा या मासिकाचा जाहीर हेतू. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. (एका ग्रंथालयात या मासिकाचे अंक मागितले असता ते कुलूपबंद कपाटातून काढून देण्यात आले आणि नोंदवहीत कारण लिहून घेण्यात आले. कारणाच्या रकान्यात काय लिहावे हे मला काही क्षण सुचेना. हा अनुभव या शतकातला आहे.) मासिकाचा खप बेताचा, जाहिराती तुरळक, लेखक म्हणून बहुतेक भार संपादकावरच. मामा वरेरकर, रियासतकार सरदेसाई, शकुंतलाबाई परांजपे अशी मोजकी माणसे पाठीशी होती. विरोधकांची यादी बरीच लांब होईल. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध आणि ब्रह्मचर्याचा आग्रह कर्व्यांना मुळीच मान्य नव्हता व तसे ते स्पष्टपणे लिहीत. त्यामुळे सनातनी आणि राष्ट्रीय, असे दोन्ही पक्ष त्यांच्यावर एकाच वेळी नाराज असत.

‘समाजस्वास्थ्य’मधील वाचकांच्या प्रश्नोत्तरांकडे गद्यप्रकार म्हणून आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, अशी माझी तक्रार आहे. निबंधात लेखक स्वतःच्या मनातील प्रश्न घेतो. तो प्रश्न त्याला शोभणारा असतो. प्रश्नोत्तरात प्रश्न दुसऱ्याचा असतो, पुष्कळदा घाबरलेल्या माणसाचा असतो आणि उत्तर थोडक्यात द्यावे लागते. येथे शैलीचे डौल उपयोगी पडत नाहीत. कर्व्यांचे गद्य मुळातच कोरडे, गणिताच्या सिद्धतेसारखे. उपमा नाही, अलंकार नाही, सुस्कारा नाही. शिवराम महादेव परांजपे किंवा अच्युतराव कोल्हटकर यांच्या गद्यावर पोसलेल्या वाचकाला ते रुक्षही वाटले असेल. परंतु प्रश्न विचारणाऱ्यास त्या रुक्षतेतच दिलासा मिळत असावा. आपल्या देहाविषयी वा इच्छेविषयी ज्याने आजवर फक्त नरकाच्या आणि वीर्यनाशाच्या गोष्टी ऐकल्या, त्याला पचनाच्या तक्रारीइतक्याच शांतपणे कोणी उत्तर देतो, हीच एक घटना आहे. मी याला समर्थनाचा पहिला प्रकार म्हणेन.

पहिला खटला १९३१ मधला. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल पुण्यातील सनातन्यांच्या तक्रारीवरून कर्व्यांवर कारवाई झाली आणि त्यांना शंभर रुपये दंड झाला. अपीलही फेटाळले गेले. या लेखाचे महत्त्व आपल्या विषयाच्या दृष्टीने असे की, स्त्रीपुरुषांचे राजीखुशीचे संबंध हे नीतीच्या नव्हे, तर आरोग्याच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत येतात, ही कर्व्यांची भूमिका तेथे उघडपणे पुढे आली. भूमिका एकदा सामान्य तत्त्व म्हणून मांडली की तिला अपवाद करावयाचा तर कारण द्यावे लागते. हा गणिती बाण्याचा परिणाम होय. ज्या तर्काने विवाहबाह्य संबंध अनीतीच्या कक्षेतून बाहेर पडतात, त्याच तर्काने समलिंगी संबंधही बाहेर पडतात. मध्येच थांबण्यासाठी किळस हे एकच कारण उरते, आणि किळस हे कर्व्यांच्या लेखी प्रमाण नव्हते. त्यांच्या पिढीतील पुष्कळ सुधारक विधवेपाशी थांबले, काही वेश्येपाशी पोहोचून परतले. त्यांची करुणा खरी होती; पण करुणेला ज्याची दया येते तेवढ्याच माणसापर्यंत जाता येते. तत्त्वाला ही अडचण नसते.

दुसरी कारवाई फेब्रुवारी १९३४ मध्ये झाली. यावेळी आक्षेप हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. तेव्हाची कायद्याची परिस्थिती लक्षात घ्यावयास हवी. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ अशा संबंधांना गुन्हा ठरवीत होते, आणि कलम २९२ खाली अश्लील मजकूर छापणे हा गुन्हा होता. अश्लीलतेची कसोटी इंग्लंडमधील १८६८ च्या हिक्लिन प्रकरणातून आलेली: ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात, त्यांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती त्या मजकुरात आहे काय, एवढेच पाहावयाचे. लेखकाचा हेतू, लेखनाचे शास्त्रीय मूल्य, समग्र ग्रंथाचा रोख यांना या कसोटीत फारसे स्थान नव्हते. भारतीय न्यायालयांनी ती पुढे बराच काळ वापरली. सर्वोच्च न्यायालयाने ती स्पष्टपणे बाजूस सारली ती २०१४ मध्ये.

या खटल्यात कर्व्यांची बाजू घेऊन डॉ. आंबेडकर उभे राहिले. गोलमेज परिषदा आणि १९३२ चा पुणे करार होऊन गेलेला होता. दलितांच्या राजकीय हक्कांच्या लढ्याचा सगळा भार त्यांच्यावर होता. एका ब्राह्मण संपादकाच्या, त्यातही अश्लील ठरवल्या गेलेल्या मासिकाच्या वतीने न्यायालयात उभे राहून त्यांना राजकीय लाभ होण्याचा संभव नव्हता. उलट टीकेची एक संधी विरोधकांना आयती मिळणार होती. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत हे प्रकरण न्यायमूर्ती मेहता यांच्यापुढे चालले.

बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा जो आशय उपलब्ध आहे, तो नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते लेखन अश्लील होत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. असले विकृत प्रश्न छापण्याची गरजच काय, अशी पृच्छा न्यायासनाकडून झाली, तेव्हा त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, विकृती आहे असे मानले तरी ती ज्ञानानेच दूर होईल. प्रश्न दडपून दूर होणार नाही. येथपर्यंत युक्तिवाद वकिली चौकटीतला आहे: प्रतिपक्षाचा शब्द क्षणभर मान्य करून त्याच शब्दाने त्याला अडवणे. परंतु ते येथे थांबले नाहीत. समलिंगी आकर्षणाविषयी हॅवलॉक एलिस यांनी केलेल्या संशोधनाचा आधार देऊन त्यांनी असे प्रतिपादन केले की, ही इच्छा काही माणसांच्या ठिकाणी उपजत असते आणि तसे असेल तर आपल्या प्रकृतीप्रमाणे सुख मिळवण्याचा त्यांना अधिकार आहे. त्यात गैर काही नाही. पहिल्या पायरीवर जो ‘विकृत’ शब्द चर्चेपुरता मान्य केला होता, तो दुसऱ्या पायरीवर काढून घेतला आहे. संपादकाला दंडातून वाचवण्यासाठी पहिली पायरी कदाचित पुरेशी होती. दुसरीने अशिलाच्या सुटकेस मदत होण्यापेक्षा अडचणच होण्याचा संभव अधिक होता, कारण तिच्यामुळे खटला मासिकाचा न राहता त्या न्यायालयात हजर नसलेल्या, नाव नसलेल्या माणसांचा झाला. या खटल्याचे महत्त्व माझ्या मते या एका पावलात आहे.

एलिस यांचा आधार घेण्यात आणखी एक धोका होता. जॉन ॲडिंग्टन सिमंड्स यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला त्यांचा समलिंगी आकर्षणावरील ग्रंथ प्रथम जर्मन भाषेत १८९६ मध्ये व नंतर इंग्रजीत १८९७ मध्ये निघाला. १८९८ मध्ये तो विकणाऱ्या जॉर्ज बेडबरो या विक्रेत्यावर लंडनमध्ये खटला झाला. त्यानंतर एलिस यांनी आपली ग्रंथमाला अमेरिकेतून प्रसिद्ध केली. म्हणजे अश्लीलतेच्या आरोपातून सुटण्यासाठी जो ग्रंथकार साक्षीला आणला, तोच इंग्रजी कायद्याने संशयित ठरवलेला होता. या ग्रंथात एलिस यांनी समलिंगी आकर्षण हा रोग वा गुन्हा मानला नाही, आणि स्त्री व पुरुष दोघांकडेही ओढ असणाऱ्या, ज्यांना आज आपण उभयलैंगिक म्हणतो, अशा व्यक्तींची स्वतंत्र दखल घेतली. मराठीत हे सारे ज्ञान ज्या थोड्या वाटांनी आले, त्यांत ‘समाजस्वास्थ्य’ ही एक महत्त्वाची वाट होती.

बर्लिनमधील घडामोडी याच काळातल्या आहेत. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १८९७ पासून समलिंगी संबंधांवरील जर्मन कायदा रद्द व्हावा म्हणून संघटित प्रयत्न चालवले होते आणि १९१९ मध्ये कामशास्त्राच्या अभ्यासाची संस्था स्थापन केली होती. १९३१ मध्ये ते भारतातही येऊन गेले. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी ती संस्था लुटली आणि चार दिवसांनी तिच्या ग्रंथालयातील पुस्तके जाळली. हिर्शफेल्ड परत मायदेशी जाऊ शकले नाहीत. १९३५ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचा मृत्यू झाला. मुंबईतील खटला या होळीनंतर वर्षभराच्या आत उभा राहिला. कर्व्यांपाशी संस्था नव्हती, ग्रंथालय नव्हते, समिती नव्हती. एक मासिक होते, आणि ते चालवण्यासाठी पदरमोड करावी लागत होती.

न्यायालयाने कर्व्यांना दोषी ठरवले व दोनशे रुपये दंड केला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, आणि नोकरी नसलेल्या संपादकाला तर नव्हतीच. त्यांनी दंड भरला आणि अंक काढणे चालू ठेवले. ‘आधुनिक कामशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पुढे ‘आधुनिक आहारशास्त्र’ (१९३८), ‘वेश्याव्यवसाय’ (१९४०) ही पुस्तके आली. बाबासाहेबांच्या बाजूनेही हा संबंध एका खटल्यापुरता राहिला नाही: त्यांनी तयार केलेला संततिनियमनाच्या पुरस्काराचा ठराव त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडला. तो नामंजूर झाला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. कर्व्यांना आजच्या अर्थाने समलैंगिकांच्या चळवळीचे अग्रदूत म्हणणे कालविपर्यासाचे होईल, असा आक्षेप एका चर्चासत्रात माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने घेतला होता. तो अगदीच निराधार नाही. कर्व्यांची भाषा आरोग्याची आहे. अमुक कृतीने शरीराची हानी होते की नाही, हे ती सांगू शकते. दोन पुरुषांनी वा दोन स्त्रियांनी एकमेकांवर प्रेम करावे, संसार थाटावा, म्हातारपणी एकमेकांना सांभाळावे, ही कल्पना मांडण्यासाठी ती भाषा अपुरी आहे. हे काम पुढे ललित वाङ्मयाने केले, तेही फार उशिरा आणि चाचरत. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ मध्ये. सुमित्राची व्यथा ‘समाजस्वास्थ्य’च्या पृष्ठांवर मावली नसती, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे. समर्थन म्हणजे जयजयकार, अशी आपली समजूत झालेली असते. प्रश्न विचारणाऱ्याचे पत्र फाडून न टाकणे, त्याला उपदेश न करणे, उत्तर छापणे आणि त्या उत्तराबद्दल दंड झाला तर भरणे, एवढेच एखाद्या काळात शक्य असते. वर्गात ही चर्चा निघते तेव्हा विद्यार्थी विचारतात की, कर्व्यांना हे प्रकरण टाळता आले नसते काय? अर्थातच आले असते. संततिनियमनाच्या कार्यावर आधीच एवढा रोष होता, तो वाढू नये म्हणून हे प्रश्न बाजूला ठेवावेत, असा व्यवहारी सल्ला कोणीही दिला असता. मुख्य कार्याला बाध येईल, हे कारण आपल्याकडील सुधारणेच्या इतिहासात अनेकदा पुढे आले आहे आणि त्यापायी कित्येकांचे प्रश्न पुढच्या पिढीवर ढकलले गेले आहेत. कर्व्यांच्या लेखी मुख्य आणि गौण असा भेद नव्हता. हा त्यांचा हट्टीपणा होता, आणि त्याचा त्रास मालतीबाईंनाही सोसावा लागला, याकडे त्यांचा गौरव करणारे अनेकदा कानाडोळा करतात.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्व्यांचे निधन झाले. सव्वीस वर्षे चाललेल्या ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये निघाला. वडील अण्णासाहेब त्यानंतर नऊ वर्षे जगले आणि १९५८ मध्ये भारतरत्न झाले. कलम ३७७ बाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला अनुकूल निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून मुक्त केले. त्याच्या वर्षभर आधी, २०१७ मध्ये, अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले आणि कर्व्यांवरील खटले मराठी प्रेक्षकांपुढे पुन्हा उभे राहिले. ज्यांच्या पत्रांमुळे १९३४ चा खटला उभा राहिला, ते वाचक कोण होते, हे मात्र कोठेही नोंदलेले नाही.